उशिरा लागणारा सूर

७ नोव्हेंबर २००६, मंगळवार

ही वही गजाननची. पुढची चार पानं त्याच्या आकड्यांनी भरलेली होती, ती फाडून बाकीची मला दिली. म्हणला, माय, तू दिवसभर घरात असतेस, यंत्र काय वाजवतं ते तुझ्या कानावर पडणारच आहे. कुठं चुकलं ते रोज लिहीत जा. मी म्हणलं, चौथी शिकलेल्या बाईला काय कळतंय तुझ्या यंत्रातलं. तर म्हणतो, दादांची पेटी तुझ्याइतकी कुणी ऐकली न्हाई.

ऐकली कुठं. कानावर आदळली. पंचवीस वर्षं.

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, न्हाई तर महिन्यानं मलाच उमगायचं न्हाई. आमच्या वाटूरच्या घराची पुढची खोली गजाननं रेकॉर्डिंगची केली आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. गावोगावची भजनी मंडळं येतात, तो त्यांच्या सीड्या काढून देतो. कॉम्प्युटरात गाणं जुळवायचं मोठं सॉफ्टवेअर आहे, त्याला बाहेरून लहान तुकडे लावता येतात. त्याला प्लगिन म्हणतात. मी जोड म्हणते. पुण्याला सरोजिनी मॅडम आहेत, त्यांच्याकडं असे जोड बनतात. त्यांचा एक जोड असा, की एक बटण दाबलं की तीन सूर एकदम वाजतात. ती कॉर्ड. तेच तीन सूर एकामागं एक सुटले की आर्पेजिओ. मी म्हणलं, म्हणजे मूठ आणि उघडलेली बोटं. गजा हसला, म्हणला मॅडमला हेच सांगतो.

पण तो जोड विलायती पियानोच वाजवतो. मॅडमना त्यात आपल्या भजनाच्या पेटीचा हात घालून तो वाढवायचा आहे. गजा म्हणला, मी देतो, माझ्या दादांचा हात. ३१ जानेवारी ही मुदत. बराबर झालं तर पुढची कामं इथं घरी बसून मिळतील. न्हाई झालं तर पुण्याला नोकरीला जातो म्हणतो.

गजाचे दादा म्हणजे आमचे हे. ह्यांचं नाव लिहायला काय हरकत आहे, इथं कोण ऐकतंय. भुजंगराव. लिहिलं. चैतात पाच वर्षं होतील जाऊन.

९ नोव्हेंबर

चूक एक. सुराच्या आधी श्वास न्हाई. ह्यांची पेटी वाजायच्या आधी भाता फुसकन हवा घ्यायचा, मंग सूर. यंत्राचा सूर भिंतीवर चुना फेकल्यासारखा एकदम येतो.

सांगितलं तर गजा इतका खुश झाला की मलाच लाज वाटली.

१२ नोव्हेंबर, रविवार

भात्याचा आवाज घ्यायला त्यानं पेटी माळ्यावरून काढली. मला म्हणला जरा धर. मी कापूस वेचायला जायचं आहे म्हणून रानात निघून गेले. दुपारी परत आले तर ओटीत मूठभर कापूस. बांधावर बसून होते, आणि काय.

घरी साहेबराव बसलेले. हे आमच्या ह्यांच्या मंडळात पखवाज वाजवायचे, मंडळाच्या बाविसाच्या बावीस कॅसेटी त्यांनीच भरल्यात, गजा त्याच ऐकून सूर मोजतो. कोणता सूर कधी दाबला, कधी सोडला, सगळं यंत्रात लिहितो. साहेबराव पेटीच्या लाकडी खोक्यावरून हात फिरवत म्हणले, वहिनी, ह्या झाकणाची कडी कव्हा तुटली? मी म्हणलं जुनं लाकूड आहे, चहा घेता का.

२० नोव्हेंबर, सोमवार

आज वाजलं.

मी भाकरी थापत होते. पुढच्या खोलीतून आधी भाता, मंग तीन सूर. पहिला, दुसरा, आणि तिसरा येईना. पापणी लवायला लागते तेवढाच वेळ असेल. मंग आला, वरून अलगद उतरल्यासारखा. माझा हात परातीवर तसाच राह्यला. तव्यावरची भाकर करपली, वासानं मी भानावर आले.

गजा दारात येऊन उभा. डोळे भरलेले त्याचे. म्हणला, ओळखलंस? मी म्हणलं, कोण? तर म्हणला, कोण काय माय, दादा.

त्यानं पडद्यावर एक गोल चकती काढली आहे. फिरवली की शेवटच्या सुराचा उशीर कमी-जास्त होतो. तिला नाव दिलंय दादांचा थांबा. म्हणला, पेटी सगळेच वाजवतात माय, हा थांबा जगात दुसऱ्या कुणाकडं न्हाई.

मी करपलेली भाकर कुत्र्याला टाकली.

२३ नोव्हेंबर

चुका. साहेबरावांच्या गाण्यात बराबर आहे. ते काळी एक पट्टीत गातात. बायकांच्या भजनात चुकतं, त्यांची पट्टी काळी पाच. तिथं शेवटचा सूर वेळेवर यायला पाहिजे, मधला उशिरा. आणि गवळणीला कुठंच उशीर नको, पण मधेच एका ठिकाणी दोनदा पाहिजे.

गजानं हे वाचलं आणि माझ्याकडं बघतच राह्यला. म्हणला, तुला पेटी आवडत न्हाई म्हणतेस ना.

न्हाईच आवडत.

२८ नोव्हेंबर

गजानं कॅसेटी सालवार लावल्या. म्हणला, ब्याण्णवपर्यंतच्या कॅसेटीत थांबा बिलकुल न्हाई. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर प्रत्येक कॅसेटीत आहे. त्या साली काय झाल्तं माय? मी तेव्हा जालन्याला वसतिगृहात होतो.

मी म्हणलं मला काय ठाऊक, मी रानात असायची.

साहेबराव तिथंच होते. ते म्हणले, आधी तुझे दादा चारचौघांसारखं वाजवायचे. त्या सालच्या नवरात्रात पिंपळगाव रेणुकाईला नऊ दिवस जागराला गेल्तो आम्ही. तिथं पहिल्यांदा त्यांनी असं थांबून वाजवलं. म्हातारी माणसं उठून जवळ येऊन बसली. मंग पुढं लोक नाव घेऊन बोलवायचे, भुजंगरावची पेटी पाहिजे म्हणून. रेणुकाईनं हात दिला त्यांना.

रेणुकाईचा काही संबंध न्हाई.

हे लिहून गेले. आता खोडत न्हाई, पण गजाला हे पान दाखवायचं न्हाई. त्याला चुकांची यादी वेगळ्या कागदावर देत जाईन. वही माझी.

३ डिसेंबर, रविवार

गजा सकाळच्या बसनं जालन्याला गेला, कसला तरी भाग आणायला. जाताना यंत्र चालू ठेवलं. एकच ओळ परत परत वाजत ठेवायची, तापून बंद पडतं का बघायचं, मी येईपर्यंत हात लावू नको म्हणला.

दुपारी बारा ते तीन मी घरात आणि ती ओळ. भाता, एक, दोन, आणि मंग तो उशीर. परत भाता, एक, दोन. मी शेंगा फोडत बसले होते. थोड्या वेळानं बघते तर शेंग हातात आणि मी श्वास धरून बसलेली. सूर आला की फोडायची, परत धरायचा. अंगणात जाऊन बघितलं, तिथंही ऐकू येतंय. मागं गोठ्यात गेले. तिथं खरं तर ऐकू येत नव्हतं, पण मला कुठं येणार ते ठाऊकच होतं, तर येत होतं.

खोलीच्या दारात उभी राह्यले आणि म्हणलं, बास. माणसाला म्हणावं तसं. हयात असताना हे माझ्या एका बास म्हणण्यावर थांबायचे, पेटी मिटायचे, बैलाला पाणी दाखवायला उठायचे. यंत्र थांबलं न्हाई. परत म्हणलं. मंग मी यंत्राच्या मागची वायर ओढून काढली.

गजा आल्यावर डोकं धरून बसला. दोन दिवसांचं काम साठवायचं राह्यलं होतं, सगळं गेलं. मी म्हणलं लाईट गेल्ती. बॅटरी का चालली न्हाई म्हणला. मी म्हणलं तुझी बॅटरी मी बनवली का.

लाईट जाते त्याचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता. लबाड बाई.

१९ डिसेंबर, मंगळवार

पंधरा दिवस काही लिहिलं न्हाई. कापसाची दुसरी वेचणी होती.

गजानं सगळे नियम लावून बघितले. शेवटचा सूर उशिरा, मधला उशिरा, उंच सूर उशिरा, गाण्याच्या सुरवातीला उशिरा. एका गाण्यात बसलं की दुसऱ्यात मोडतं. शेवटी त्यानं यंत्राला सांगितलं, तुझ्या मनानं कधीही थांब. ते ऐकून मी स्वयंपाकघरातून ओरडले, हे उगाच थांबतंय, बंद कर. तो आला आणि माझ्यापुढं उकिडवा बसला. म्हणला, मंग कधी थांबायचं माय? तुला चूक दरवेळी बराबर कळते. म्हणजे तुला नियम माहीत आहे.

मी म्हणलं, कानाला खटकतं, मला नियम-बियम काय माहीत.

मला माहीत आहे.

इथं लिहिते. त्र्याण्णव साल, घटस्थापनेचा दिवस. कापूस बोंडातून लोंबत होता, आभाळ भरून आल्तं, मजूर मिळत नव्हते. मी गयावया केली की चार दिवस थांबा, मंग जा पिंपळगावला. हे म्हणले शब्द दिलाय. ह्यांचा शब्द कायम दुसऱ्या गावाला दिलेला असायचा. पेटी खोक्यातून काढत होते. मी झाकण धरलं आणि आपटलं. झाकणाला कडेनं लोखंडी पट्टी आहे. कडी तुटून उडाली. उजव्या हाताचं करंगळीच्या शेजारचं बोट आत सापडलं. मला हात दिसला न्हाई.

ओरडले न्हाईत. झाकण वर केलं, बोट बाहेर घेतलं, माझ्याकडं न्हाई, बोटाकडं बघितलं. हळद लावली, चिंधी गुंडाळली, गाठ दातानं मारली. पेटी खांद्यावर घेतली आणि बस धरली. पाऊस आलाच न्हाई. कापूस मी एकटीनं वेचला.

दसऱ्याला आले. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली, त्याच हातानं. एक शब्द न्हाई. पुढं बोट दिसायला चांगलं झालं, खुरपं धरायचं, बैलाचा कासरा धरायचं. फक्त उचलायला आणि पडायला उशीर करायचं. जिथं ते बोट पडेल तिथला सूर उशिरा. पट्टी बदलली की बोटं बदलतात, तर उशीर दुसऱ्या सुरावर जातो. इतकंच आहे. ह्यात रेणुकाई न्हाई आणि साधना न्हाई.

२० डिसेंबर

काल लिहिलंय की हात दिसला न्हाई.

दिसल्ता.

५ जानेवारी २००७

गजा मळ्यात पाणी द्यायला गेल्ता, दिवसा लाईट होती म्हणून. मी खोली झाडायला गेले. यंत्र चालू होतं. पुढं ते पांढऱ्या-काळ्या बटणांचं. मी कधी हात लावला नव्हता, पेटीलाही न्हाई. पंचवीस वर्षांत पुसायला सुद्धा न्हाई.

एक पांढरं बटण दाबलं. एका बोटानं, भीत भीत.

भात्यानं श्वास घेतला आणि तिन्ही सूर निघाले, पहिला, दुसरा, आणि थांबून तिसरा. बोट माझं एकच. पण वाजला त्यांचा अख्खा हात. मी बोट उचलायला विसरले तर ते वाजवतच राह्यले, परत परत, जोवर मी दाबून आहे तोवर. माझ्या बोटाखाली.

केरसुणी तिथंच टाकून बाहेर आले. अंघोळ केली. दुपारी दोन वाजता, थंड पाण्यानं. का केली ते ठाऊक न्हाई.

मंग परत जाऊन आणखी एकदा दाबलं.

११ जानेवारी

आता रोज दाबते. गजा नसला की. कधी पाच वेळा, कधी जास्त. मला वाटतं एखाद वेळी तरी तिसरा सूर वेळेवर येईल. येत न्हाई. यंत्र आहे, त्याला शिकवलंय तेच करणार. हे मला कळतं. तरी दाबते.

साहेबराव म्हणले वहिनी तब्येत उतरली. मी म्हणलं थंडी आहे.

१७ जानेवारी, बुधवार

संक्रांत झाली. तीळ-गुळाला बायका आल्या, बसल्या, गेल्या. मी काय बोलले आठवत न्हाई.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन आल्ता. गजानं मोबाईलचा आवाज मोठा करून ठेवला होता, मी दारामागं. त्या चांगलं बोलतात, मूळच्या जालन्याच्या, पण तोडून बोलतात. म्हणल्या, गजानन, पेटीचा आवाज सुंदर झालाय, पण हा थांबा कधी लागतो कधी लागत नाही, वाजवणाऱ्याला वाटेल बिघडलंय. काढून टाक आणि सरळ हात दे. सरळ हात आम्ही घेऊ.

गजा म्हणला, थांबा काढला तर त्यात दादा राहत न्हाईत मॅडम. मग कुणाचीही पेटी घ्या.

त्या म्हणल्या, एकतीसपर्यंत नियम सापडला तर ठेव. नाहीतर काढ. तिसरं काही नाही.

फोन ठेवून तो मला म्हणला, सरळ हात देणार न्हाई मी. पुण्याला नोकरीला जाईन, पण दादांच्या नावावर दुसऱ्याचा हात विकणार न्हाई. मंग म्हणला, माय, त्या माणसानं शेती करत करत, कुणी शिकवलेलं नसताना, किती मेहनतीनं कमावलं असेल ते. मला त्यातलं निम्मं जरी समजलं असतं.

मी तिथून उठले.

त्याला नियम पाहिजे. माझ्याकडं आहे. दिला तर मुलगा इथं राहील आणि मला कधी आई म्हणून बघणार न्हाई. न्हाई दिला तर आई म्हणत पुण्याला जाईल. चार दिवस झाले हेच फिरवतेय. मी माझ्या उभ्या आयुष्यात कुठल्या गोष्टीला चार दिवस लावले न्हाईत. झाकण आपटायला किती वेळ लागला.

२४ जानेवारी, बुधवार

सांगितलं.

तूर झोडपत होतो दोघं, खळ्यावर. गजा बॅग भरायची भाषा करून राह्यला होता, कोणती चादर न्यायची वगैरे. मी काठी खाली ठेवली. जे बोललो ते जसंच्या तसं लिहिते, कारण परत बोलणं होईल का माहीत न्हाई.

मी म्हणलं, “तुझा नियम चुकलाय. तू सूर बघतोस. बोट बघ.”

“कोणतं बोट?”

मी माझं दाखवलं. उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं. “हे जिथं पडेल तिथं उशीर. काळी एकला शेवटच्या सुरावर पडतं, काळी पाचला मधल्या. गवळणीत ते लागतच न्हाई, एका जागी सोडून.”

तो मनातल्या मनात मोजायला लागला, ओठ हलत होते. तोंड उजळलं त्याचं. एवढा आनंद, की मी तिथंच गप्प बसले असते तर चाललं असतं. मंग म्हणला, “बोटाला काय झाल्तं? त्या दिवाळीला चिंधी होती बोटाला. काटा रुतला म्हणले होते.”

“तुला तसं सांगितलं. पेटीचं झाकण पडलं.”

“कसं पडलं?”

“मी आपटलं.”

“चुकून.”

ते त्यानं विचारलं न्हाई, सांगितलं मला. माझ्या हातात दिलं, की घे हे, हो म्हण.

मी म्हणलं, “न्हाई.”

त्यानं काठी उचलली आणि उरलेली सगळी तूर झोडपून काढली. एकटा. मी बाजूला उभी. मंग हातपाय धुऊन खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

२६ जानेवारी

शाळेची पोरं सकाळी झेंडा घेऊन घोषणा देत दारावरून गेली. गजा बाहेर आला न्हाई.

दोन दिवस ताट खोलीत नेतो. धुऊन परत आणून ठेवतो. बोलत न्हाई, भांडतही न्हाई. तसाच, बापासारखा. त्याहून त्यानं माझ्या अंगावर पेटी फेकली असती तर बरं.

खोलीतून काही वाजत न्हाई. हे घर एवढं गप्प कधी नव्हतं. मला वाटलं होतं सांगितल्यावर तो सूर माझ्या कानातून जाईल. आता वाजत नसताना मी त्याची वाट बघते. भाजी चिरताना, पाणी ओढताना. दोन मोजते आणि थांबते.

बॅग मात्र अजून भरली न्हाई त्यानं. बघून आले.

२७ जानेवारी

साहेबराव आल्ते. गजानं त्यांना खोलीत बोलावून काही विचारलं. जाताना ओट्यावर माझ्यापाशी थांबले. मला वाटलं थुंकतील. म्हणले, “वहिनी, पिंपळगावला पहिल्या दिवशी चिंधीतून रगत येत होतं. मी म्हणलं राहू द्या, दुसरा पेटीवाला बघू. तर म्हणले घरी काम सोडून आलोय, बसून कसा राहू.” मंग म्हणले, कुणामुळं लागलं ते मी चवदा वर्षांत विचारलं न्हाई, आता तुम्हीही सांगू नका.

चपला घालून गेले. ह्याचा अर्थ काय लावायचा. त्यांना माझी कीव आली की राग, समजलं न्हाई. चहाचंही विचारायचं राह्यलं.

२८ जानेवारी, रविवार

सकाळी दहाच्या सुमाराला गजा स्वयंपाकघरात आला. चार दिवसांनी. हातात केरसुणीची जाड काडी, बोटाएवढी तोडलेली, आणि माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी. उजवा हात पुढं केला आणि म्हणला, “बांध. मला एका हातानं जमत न्हाई.”

मला समजेना. म्हणला, नुसता नियम लिहून भागत न्हाई. ते बोट कोणत्या सुरावर किती उशीर करतं, उंच बटणाला किती, खालच्याला किती, ते मोजायचं तर बोट तसंच पाहिजे. दादा न्हाईत. मंग मीच वाजवतो त्र्याण्णवनंतरच्या सगळ्या कॅसेटी, तसल्या बोटानं.

मी म्हणलं मला न्हाई जमणार. तो हात पुढं धरून उभाच.

त्याचा हात बापाचाच आहे, बोटं तशीच लांब. काडी बोटाला लावली. चिंधीचा पहिला वेढा देताना काडी दोनदा पडली. त्यानं दोन्ही वेळा उचलून दिली. किती घट्ट विचारलं. तो म्हणला, तुला ठाऊक असेल किती वाकायचं ते. तर मला ठाऊक होतं. खुरपं धरण्याइतकं वाकायचं, पेटीवर उचलता उचलायचं न्हाई. तेवढं ठेवून गाठ मारली. हातानं. ह्यांच्या बोटाची गाठ मी मारली नव्हती, शेजारी उभी होते तरी.

मंग तो मला म्हणला, खोलीत येऊन बस. चुकलं तर सांग.

मी पहिल्यांदा त्या खोलीत खाली बसले, गादीच्या भिंतीला टेकून. त्यानं काळी एक लावली, साहेबरावांची पट्टी. भाता, एक, दोन, थांबून तीन. बराबर. काळी पाच लावली. उशीर मधल्या सुरावर गेला, आपोआप, कुणी सांगितलं न्हाई. बराबर. गवळण. एका जागी दोनदा. बराबर. दरवेळी तो माझ्याकडं बघायचा आणि मी मान हलवायची. यंत्र त्याचं बोट मोजून लिहून घेत होतं. म्हणला, असं चाललं तर परवा संध्याकाळी मॅडमना पाठवतो.

बाराव्या का तेराव्या गाण्याला त्यानं हात झटकला. बोटाचं टोक लाल झाल्तं, चिंधी रुतून.

मला एक गोष्ट विचारायची होती. त्र्याण्णव सालची. तेव्हा विचारली न्हाई, दसऱ्याला न्हाई, पुढं नऊ वर्षं रोज भाकरी वाढताना तो हात समोर असायचा तेव्हाही न्हाई. आज विचारली. म्हणलं, “दुखतं का?”

गजानं बोट उघडलं, मिटलं. माझ्याकडं न बघता म्हणला, “वाजवताना न्हाई दुखत. थांबलं की दुखतं.”

“मंग वाजव,” म्हणलं.